एक्केचाळीस नंबरचा व्हॉल्व्ह

शेवगावहून फोन आला तेव्हा मेहरीन पठाण पारनेरच्या कॉलेजात कॉम्प्युटरचा तास आटोपून चहा पीत होती. पलीकडच्या माणसाने नमस्कार-चमत्कारात वेळ घालवला नाही.

"ताई, ही छबूबाई कोन?"

"कोण छबूबाई?"

"आता हे तुमीच सांगायचं. मी आसाराम बोलतोय, शेवगावजवळच्या पानी संस्थेचा सेक्रेटरी. आमच्या विहिरीवर पुन्याच्या कंपनीची पानी सोडनारी पेटी हाये, तिच्यात तीन दिवसांपासून लिहून येतंय, 'विहिरीची पातळी कळत नाही. उरलेलं पाणी छबूबाईंना. मेहरीनला फोन करा.' खाली तुमचा नंबर. आमच्यात साठ खातेदार हायेत, त्यात छबूबाई एक बी नाही. मंग आमचं पानी त्या बाईला कामून चाललंय?"

मेहरीनने कप खाली ठेवला. ती तीन वाक्यं तिचीच होती. पण ती तिने शेवगावसाठी लिहिली नव्हती, आणि शेवगावच्या कुठल्याही पेटीला तिने आजवर हात लावला नव्हता.

तिचं गाव वाघदरा. राळेगणसिद्धीच्या पुढे, डोंगराच्या कुशीत. गावाची एक सार्वजनिक विहीर, वर टेकाडावर टाकी, आणि टाकीपासून एक्केचाळीस खातेदारांच्या वावरात गेलेली पाइपलाइन. पाणी बारीने, म्हणजे पाळीपाळीने, मिळायचं. ही बारी तीस वर्षं तिच्या वडिलांनी, नूरमहंमदने, सांभाळली. गावाचा पाणी सोडणारा म्हणजे गावाच्या शिव्या खाणारा. ज्याला पाणी उशिरा मिळालं तो शिव्या देई, आणि ज्याला वेळेवर मिळालं तो कमी मिळालं म्हणून देई. तीन वर्षांपूर्वी विजेवर उघडणारे व्हॉल्व्ह बसले आणि मेहरीनने त्यांच्यासाठी प्रोग्राम लिहिला. नाव ठेवलं 'बारी'. तेव्हापासून नूरमहंमदच्या शिव्या बंद झाल्या, कारण यंत्राला शिव्या देऊन कुणाचं समाधान होत नाही.

छबूबाईचं वावर लाइनीच्या अगदी शेवटच्या टोकाला, एक्केचाळीस नंबरला. तिथे पोचेपर्यंत पाण्याची धार करंगळीएवढी होई. म्हणून गावाने जुना नियम केला होता की टाकीत जे उरेल ते छबूबाईचं. मेहरीनने तो नियम जसाच्या तसा प्रोग्राममध्ये घातला. पातळी मोजणारा सेन्सर बिघडला तर उगाच हिशेब करत बसू नये, उरलेलं पाणी एक्केचाळीसला सोडावं आणि मेहरीनला फोन करावा. आपल्याच गावासाठी लिहायचं, तर याहून जास्त शहाणपण कशाला लागतं?

"आसारामभाऊ, तुमच्याकडे एक्केचाळीस नंबरवर कोण आहे?"

"कुनीच नाही. तो पाइप धुवायचा व्हॉल्व्ह हाये. सगळं पानी ओढ्यात चाललंय. हातानं बंद करायला कंपनीनं चाक ठेवलं नाही. वीज तोडली तर सगळेच व्हॉल्व्ह बंद व्हतात. काल तोंडाला लाकडी बूच मारलं, तर मागचा जोड फुटला. साठ घरांनी कांद्याचं रोप टाकलंय ताई. आनखी चार-पाच दिवस असं चाललं तर रोपाचा पाचोळा व्हईल. कंपनीचा मानूस म्हनतो, बारा दिवसांनी येतो."

"एक्केचाळीसच्या जागी दुसरा नंबर घालून बघितला का?"

"त्याला कंपनीचा पासवर्ड लागतो."

मेहरीनने सुट्टीचा अर्ज लिहिला. ती फारशी चिडणारी मुलगी नव्हती, पण तो अर्ज तिने इतका दाबून लिहिला की मागच्या पानावर उमटला.

रागाचं कारण पुण्याच्या कंपनीने तिचा प्रोग्राम घेऊन पेटीत घालून विकला हे नव्हतं. घ्यावा म्हणूनच तर तिने 'बारी' इंटरनेटवर खुली ठेवली होती. कुणीही घ्या, वापरा, बदला, विकासुद्धा. सोबत जगभर चालणारं एक लायसन जोडलं होतं आणि त्यातली अट साधी होती. तुम्ही हा प्रोग्राम, किंवा यात काही मिसळून केलेला प्रोग्राम, पुढे कुणाला दिलात तर आतलं सगळं लिखाण, म्हणजे सोर्स, त्यालाही द्यायचं; आणि बदलायची मोकळीक जशी तुम्हाला मिळाली तशी त्यालाही द्यायची. कंपनीने घेताना मोकळीक घेतली आणि देताना कुलूप लावून दिलं. त्या कुलपामुळे साठ घरांचं पाणी ओढ्याला जात होतं आणि साठ घरांतल्या कुणालाही ते थांबवता येत नव्हतं.

संध्याकाळी तिने हे सगळं वडिलांना सांगितलं. नूरमहंमद अंगणात बसून शेळीच्या पायातला काटा काढत होता. त्याने काम न थांबवता ऐकून घेतलं.

"म्हंजे तुझा पोग्राम ज्यानं वापरला त्याला समदं उघडं करावं लागतंय?"

"नाही अब्बा, तसं नाही. त्यांचा प्रोग्राम वेगळा असेल आणि तो माझ्या प्रोग्रामशी नुसता बोलत असेल, की अमुक व्हॉल्व्ह उघड, तमुक बंद कर, तर त्यांचं त्यांनी खुशाल झाकून ठेवावं. फक्त माझ्या भागाचा सोर्स द्यावा. दोघं एका पेटीत शेजारी बसलेत म्हणूनही काही बिघडत नाही. पण दोन्ही कालवून एकच केला असेल, तर मग सगळ्यालाच अट लागते."

नूरमहंमदने काटा काढून दूर फेकला. "गावच्या नळावरनं कुनी हंडा भरून नेला, तर त्याच्या घरात काय शिजतं ते आपन इचारत न्हाई. पर गावच्या लाइनीला पाइप जोडला, की गावचा कायदा त्याच्या वावरात जातो. बोअर घ्यायचं न्हाई, ऊस लावायचा न्हाई. हेच का?"

"हेच."

"मंग जाऊन बघ की, हंडा हाय का पाइप."

इतकं सोपं होतं. वकील लोक हेच चाळीस पानांत लिहितात आणि एक्केचाळिसाव्या पानावर म्हणतात की नक्की काही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पारनेर, नगर आणि शेवगाव असा एसटीचा प्रवास करून ती दुपारी आसारामच्या विहिरीवर पोचली. आसाराम चाळिशीचा, सडपातळ, एका जागी न ठरणारा माणूस. ओढ्यातून वाहणारं पाणी त्याने तिला आधी दाखवलं, मग चहा विचारला. रोपाचे वाफे कडेने पिवळे पडायला लागले होते.

पेटी संस्थेच्या मालकीची होती, तेव्हा संस्थेच्या सेक्रेटरीसमोर ती उघडायला कुणाची परवानगी लागत नव्हती. मेहरीनने आतलं छोटं मेमरी कार्ड काढून आपल्या लॅपटॉपला लावलं. खरं सांगायचं तर आत दोन फायली सापडाव्यात असं तिला मनापासून वाटत होतं. एक तिची, एक कंपनीची, मधे दोन शब्दांची देवाणघेवाण. तसं असतं तर भांडण अर्ध्यावर आलं असतं.

फाइल एकच निघाली. तिच्यात कंपनीचं नाव, कंपनीचा पासवर्ड मागणारा पडदा, आणि त्याला खेटून छबूबाई. पण नुसतं खेटून बसल्याने ती निर्णय देणार नव्हती, म्हणून तिने आणखी तासभर तपासलं. कंपनीचा भाग तिच्या प्रोग्रामच्या पोटात हात घालून बाऱ्यांची यादी थेट बदलत होता, आणि तिचा भाग कंपनीच्या घड्याळावर चालत होता. एकाला काढलं असतं तर दुसऱ्याचं मढंच उरलं असतं.

"पाइप आहे," ती म्हणाली.

आसारामला त्यातलं काही कळलं नाही, पण तिच्या आवाजावरून बातमी आपल्या बाजूची आहे एवढं कळलं. "मंग करा की दुरुस्त. पेटी आमची हाये."

"भाऊ, हे दळलेलं पीठ आहे. मला बघून सांगता येतं की बाजरी आहे का ज्वारी. पण पिठाचे दाणे करता येत नाहीत. दाणे कंपनीकडे आहेत आणि ते तुम्हाला मिळाले पाहिजेत. तुम्हाला, मला नाही. पेटी तुम्ही घेतलीय."

कंपनीची शाखा नगरला सावेडीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला दोघं तिथे हजर झाली. कालच मेहरीनने सगळं सविस्तर लिहून मेल केला होता, त्यामुळे शाखेचे मॅनेजर कल्याण एकटे नव्हते. शेजारी कंपनीच्या वकील बसल्या होत्या, राजनंदिनी नावाच्या, मेहरीनपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या, पुढ्यात कागदांची चळत. कल्याणसाहेब बोलायला गोड होते. त्यांनी आसारामला बाहेरच्या खुर्चीत बसवलं, मेहरीनने त्याला परत आत बोलावलं, आणि तिथून सुरुवात झाली.

"मॅडम, तुमचा गैरसमज झालाय," कल्याण म्हणाले. "आमचा प्रोग्राम वेगळा, तुमचा वेगळा. ते फक्त एकमेकांशी बोलतात. शेजाऱ्याशी बोललं म्हणून त्याच्या सातबाऱ्यावर आपलं नाव लागतं का?"

"नाही लागत. नुसते बोलत असते तर मी फक्त माझ्या भागाचा सोर्स मागितला असता आणि चहा पिऊन गेले असते." मेहरीनने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "ही तुमच्या पेटीतली फाइल. एकच आहे. यांचं नुसतं बोलणं नाही साहेब, यांची चूल एक आहे. तुमच्या पोरांनी असं का केलं तेही मला कळतं. पेटी स्वस्तातली, तिच्यात दोन प्रोग्राम मावेनात, म्हणून कालवून एक केला. पण एक केला की अट सगळ्याला लागली."

कल्याणसाहेबांनी फाइलकडे बघितलं नाही. त्यांनी राजनंदिनीकडे बघितलं, आणि त्या कागद चाळत राहिल्या म्हणून सूर बदलला. मेहरीनसारख्या मुलीने कॉलेजात मुलांना शिकवत बसावं याचं त्यांना वाईट वाटायला लागलं. कंपनीला सल्लागार लागतात. तिने एक वेगळी परवानगी लिहून द्यावी, की तुम्ही हा प्रोग्राम बंद पेटीत वापरू शकता. शेवगावला माणूस उद्याच जाईल.

"एकटीची सही चालणार नाही," मेहरीन म्हणाली. "हक्क माझ्या एकटीचे नाहीत. प्रोग्रामवर गावातल्या एक्केचाळीस खातेदारांची नावं आहेत. त्यातले नऊ जण एकमेकांशी बोलत नाहीत."

आसाराम हसला. राजनंदिनी हसल्या नाहीत. त्यांनी चळतीतून दोन कागद वेगळे काढले.

"ती यादी मी काल वाचली," त्या म्हणाल्या. "आणि तुमची तीन वर्षांपूर्वीची पहिली फाइलही वाचली. इंटरनेटवर जुनं सगळं राहतं, तुम्ही तर शिकवता. त्या पहिल्या फाइलमध्ये सगळ्यात वर एक नाव होतं. ब्रूनो आल्मेडा. ते आता कुठे आहे?"



ब्रूनो आल्मेडा हा पोर्तुगालमधला शाळामास्तर. त्याने आपल्या शाळेची घंटा वेळच्या वेळी वाजावी म्हणून छोटा प्रोग्राम लिहिला होता आणि याच लायसनाखाली खुला ठेवला होता. कुठल्या तासानंतर कुठला तास, मधली सुट्टी लांबली तर पुढचं कसं सरकवायचं, हे सगळं त्यात होतं. मेहरीनने तो उचलला, तासांच्या जागी वावरं घातली आणि त्यावर 'बारी' उभी केली. तेव्हा त्याचं नाव वर होतं. मग गावात मोठ्या पडद्यावर प्रोग्राम दाखवायचा कार्यक्रम ठरला आणि सरपंच गोरक्षनाथ म्हणाले, समद्या खातेदारांची नावं वर आली पाहिजेत, नायतर रुसवे-फुगवे व्हतील. आपल्याकडे लग्नपत्रिका छापताना चुलत्याच्या साडूचं नाव राहिलं तर वीस वर्षं बोलणं बंद होतं. इथे तर पाण्याचा विषय. मेहरीनने पत्रिकेसारखी सगळी नावं घातली. कोण आधी, कोण नंतर, यावर दोन बैठका झाल्या. शेवटी गोरक्षनाथांनी पडद्याकडे बघून विचारलं, "ह्यो वर कोन परका?" आणि बैठक एकदाची संपावी म्हणून तिने ते नाव काढलं. दुसरीकडे कुठेतरी टाकू म्हणाली, आणि विसरली.

"लायसनाप्रमाणे मूळ लेखकाचं नाव पुसणाऱ्याचा हक्क संपतो," राजनंदिनी शांतपणे म्हणाल्या. "म्हणजे तीन वर्षं तुमच्याकडेच परवाना नाही."

"आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून," कल्याणसाहेबांना जोर आला. "हे बघा मॅडम, चूक तुमचीही, आमचीही. तुम्ही गप्प, आम्ही गप्प. विषय संपला."

मेहरीनला लाज वाटली, आणि ती कंपनीपुढे नाही तर त्या मास्तरापुढे वाटली. ज्याच्या घंटेवर तिने गावाची बारी चालवली त्याला तिने रुसव्या-फुगव्यांच्या भीतीने बाहेर काढलं होतं. शेजारी आसाराम तिच्या तोंडाकडे बघत होता. त्याला एवढंच समजलं होतं की आता काहीतरी आपल्या विरुद्ध गेलं.

तिने लॅपटॉप स्वतःकडे वळवला.

"मला वीस मिनिटं द्या."

"कशाला?"

"चूक दुरुस्त करायला."

आणि तिने ती त्या कंपनीच्या टेबलावर, कंपनीच्या वायफायवर, कंपनीच्या माणसांदेखत केली. ब्रूनो आल्मेडाचं नाव सगळ्यात वर घातलं, त्याच्या मूळ ओळींसकट. खाली लिहिलं, की हे नाव अमुक तारखेला आपण काढलं होतं, ते चूक होतं, आज परत घातलं. इंटरनेटवर चढवलं. मग ब्रूनोला मेल लिहिला आणि पाठवण्याआधी मोठ्याने वाचून दाखवला. त्यात सबब नव्हती. लग्नपत्रिकेची गोष्ट होती, पण कारण म्हणून नव्हे. नाव कसं गेलं ते त्याला कळावं म्हणून.

मेल गेला. तिने लॅपटॉप मिटला.

"राजनंदिनी मॅडम, तुम्ही दाखवलंत ते बरं केलंत. याच लायसनात पुढे लिहिलंय, की चूक थांबवली की हक्क परत मिळतो आणि मूळ लेखकाने ठरलेल्या दिवसांत हरकत घेतली नाही तर तो कायम होतो. हरकत घ्यायची की नाही हे ब्रूनो ठरवेल. घेतली तर मी सोसेन. पण माझ्या चुकीने तुमची चूक पुसली जात नाही. ब्रूनोचं लिखाण तुमच्या पेटीतही आहे. त्याची परवानगी तुम्हाला माझ्यामार्फत मिळत नाही, थेट त्याच्याकडून मिळते, आणि अटही थेट त्याची लागते. माझं मी केलं. आता तुमचं तुम्ही करा."

राजनंदिनींनी समोरचे दोन कागद परत चळतीत सरकवले. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"कल्याण सर, त्या बरोबर आहेत."

"अहो, पण..."

"दोन वाटा आहेत. सगळं खुलं करा, नाहीतर दोन्ही प्रोग्राम वेगळे करा, मधे फक्त निरोप जाऊ द्या, आणि आपला आपण झाका. पण हे पुढच्या पेट्यांचं झालं. ज्या अकरा पेट्या विकल्यात, त्यांचा सोर्स मागणाऱ्याला द्यावाच लागेल. कोर्टात मी हे हरेन."

वकिलाने स्वतःच्या तोंडाने 'हरेन' म्हटल्यावर मॅनेजरकडे फारसं काही उरत नाही. कल्याणसाहेब पुण्याला फोन लावायला बाहेर गेले. दीड तास लागला. त्या वेळात राजनंदिनींनी आसारामसाठी चहा मागवला आणि मेहरीनला विचारलं की शेतीच्या बाऱ्यांवर शाळेची मधली सुट्टी कशी बसवली. मेहरीनने सांगितलं की टाकी भरायला लागणारा वेळ म्हणजेच मधली सुट्टी. दोघींना त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं.

दोनच्या सुमाराला आसारामच्या हातात पेन ड्राइव्ह पडला. तो त्याने शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला आणि शेवगाव येईपर्यंत तीनदा चाचपला.

काम अर्ध्या तासाचं निघालं. एक्केचाळीसच्या जागी एकसष्ट घातले, कारण धुवायचा व्हॉल्व्ह धरून शेवगावच्या लाइनीचं शेवटचं टोक एकसष्ट नंबरवर होतं. सेन्सरची वायर उंदराने कुरतडलेली सापडली, ती आसारामनेच जोडली. ओढ्याकडची धार बारीक होत होत थांबली आणि पिवळ्या वाफ्यांत पाणी शिरलं. आसारामने वाफ्यात पाय घालून पाणी किती बसलं ते पाहिलं आणि मग म्हणाला, "ताई, एकसष्ट नंबरला माझीच भावजय हाये. लोक म्हनतील, सेक्रेटरीनं घरात पानी वळवलं."

"म्हणू द्या. आता सोर्स तुमच्याकडे आहे. बैठक घ्या आणि काय ते ठरवून बदला."

ब्रूनोचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. त्याने हरकत घेतली नव्हती. त्याच्या शाळेत आता घंटा दुसऱ्या यंत्रावर वाजते आणि आपला प्रोग्राम जगात कुठेच चालत नसेल असं तो धरून चालला होता. तो विहिरीवर चालतो हे वाचून त्याने बायकोला हाक मारून तिलाही वाचायला लावलं होतं.

रविवारी सकाळी मेहरीनने वाघदऱ्यात पाणी मंडळाच्या खोलीसमोर खातेदार जमवले. यादी सगळ्यांच्या नावाची, तेव्हा तिच्यात वर कोण बसलं आणि का बसलं हे त्यांना कळायला हवं होतं. तिने काही लपवलं नाही. गोरक्षनाथांनी ऐकून घेतलं आणि डोक्यावरची टोपी सारखी केली.

"परका म्हनालो व्हतो मी. ते चुकलंच माझं. राहू दे त्याचं नाव वर. त्याच्या घंटीवर आपलं पानी चालतंय." मग सवयीने चौफेर बघून त्यांनी विचारलं, "आनखी कुनाचं नाव राह्यलंय का? आताच सांगा. मागनं कुरकुर नको."

मागच्या बाजूला भिंतीला टेकून बसलेली छबूबाई पदर सावरत म्हणाली, "नूरभाऊचं राह्यलंय."

सगळे तिच्याकडे वळले.

"माझं कशाला?" नूरमहंमद म्हणाला. "मी कुठं खातेदार हाय? माझ्याकडं वावर न्हाई. आन मेहरीनच्या नावात माझं नाव हायच की. मेहरीन नूरमहंमद पठाण."

"ते बाप म्हनून," छबूबाई म्हणाली. "पानीवाला म्हनून कुठं हाय? टाकीपास्नं माझ्या वावरात पानी यायला सव्वा तास लागतो, उन्हाळ्यात दीड लागतो, हे त्या यंत्राला कुनी सांगितलं? पोरीला सपान पडलं व्हतं का?"

मेहरीनला आठवलं, पहिल्या उन्हाळ्यात ती वही घेऊन वडिलांच्या मागे मागे एक्केचाळीस वावरं फिरली होती. कुठे चढ आहे, कुठे पाइप अरुंद आहे, कुणाचा व्हॉल्व्ह दोन आटे जास्त उघडावा लागतो. तीस वर्षं शिव्या खाऊन साठवलेलं ते सगळं त्याने तिला पंधरा दिवसांत देऊन टाकलं होतं. तिने ते जसंच्या तसं प्रोग्राममध्ये उतरवलं, आणि नावं घालायची वेळ आली तेव्हा खातेदारांची यादी पुढ्यात ओढली. ब्रूनोला निदान काढावं तरी लागलं होतं. अब्बांचं नाव घालायचं तिला सुचलंच नव्हतं.

ती खाली बसली, मांडीवर लॅपटॉप उघडला आणि ब्रूनोच्या खाली, स्वतःच्या नावाच्या वर एक ओळ लिहिली. मग ती वाचली, कारण नूरमहंमदचा चष्मा घरी होता.

"पाणी कुठे किती वेळात पोचतं हे सगळं ज्यांनी सांगितलं ते, नूरमहंमद चांदभाई पठाण, पाणी सोडणारे, वाघदरा."

नूरमहंमद जमिनीकडे बघत होता. मान वर न करता त्याने विचारलं, "हे शेवगावला बी दिसंल का?"

"जिथे जिथे प्रोग्राम जाईल तिथे दिसेल."

"आन उद्या कुनी मोठ्या कंपनीनं घेतला, त्यास्नी वाटलं ह्यो कोन पानीवाला, काढा ह्याचं नाव, तर?"

"काढता येणार नाही अब्बा. लायसनात तसं लिहिलंय."

नूरमहंमदने मान हलवली. मग तो उठला आणि टाकी किती भरली ते बघायला टेकाडाकडे निघाला, जरी ते आता यंत्रच बघत होतं.